उलट्या क्रमानं

जे सगळ्यात आधी लागणार ते सगळ्यात शेवटी भरायचं.
म्हणून तळाशी भाकर,
कळण्याची, दोन, फडक्यात घट्ट;
मध्यरात्रीच्या आधी तिची आठवण काढायची नाही.
तिच्यावर स्वेटर. हो, वैशाखात.
दुपारी यावलला डांबर चपलेला चिकटतं,
पण पहाटे तीनला नाल्यातून जो गारवा वर चढतो
तो झाडावरच्या माणसालाच माहीत.
मग वही. मग लाल कागद लावलेली बॅटरी.
मग आसन.

आसन शिवलं फैजपूरच्या गफूरभाईनं,
जीप-ट्रॅक्टरची सीटकव्हरं शिवतो तो.
ट्रकचा पट्टा, तिहेरी टाका, मधे रेक्झिन.
"कोन्या गाडीचं हाये हे?"
म्हटलं, अंजनाच्या झाडाचं.
हसला नाही. मशीन थांबवली,
पट्ट्याला दोन्ही हातांनी हिसका दिला
आणि आणखी एक टाका मारला.
पैसे ठरले तेवढेच घेतले.

लोखंडाला बडबडीची खोड असते.
चार पायऱ्या, सहा कड्या,
लाइनमनच्या जुन्या पट्ट्याचं बक्कल,
एकेकाच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
बांधून झालं की पिशवी पाठीला लावून
अंगणात उड्या मारतो.
पोरगी डोळे मिटून ऐकते.
"किल्ली वाजली."
किल्ली घरी राहते.
"पाणी बोललं."
अर्धी बाटली बोलते. भरलेली गप्प असते, रिकामीही.
म्हणून काठोकाठ भरायची,
आणि उघडलीच तर एका दमात संपवायची.

बाजवळ यातलं काही नव्हतं.
पळसाच्या मुळ्यांचा दोर, कमरेला एक वेढा, फांदीला दोन,
आणि पोतं.
ते जाताना हलकं असायचं, येताना जड.
आम्ही भाऊ दारातून पोत्याकडं बघायचो,
त्याच्या तोंडाकडं नाही.
कधी तसंच हलकं परत आलं
तर बा आधी दोर गुंडाळायचा, मग पाणी मागायचा.
कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा,
शेवटचं टोक बाहेर ठेवून,
अंधारात बोटाला सापडलं पाहिजे म्हणून.

मला आता खातं रोज देतं, मोजायचा.
खोड कवेत घेऊन पट्टा पलीकडून आणायचा,
पायरी, पट्टा, पायरी, पट्टा,
वीस फुटांवर आसनात बसून पाय सालीला टेकवायचे.
उजव्या खिशात पेन्सिल, डाव्यात फडकं.
खिसे बदलायचे नाहीत, कुणी कितीही शहाणपण शिकवलं तरी.
डोक्याच्या जरा वर, फांदीच्या बगलेत
एक जुना वळ आहे, दोराचा, गुळगुळीत झालेला.
दर पुनवेला अंगठा तिथं एकदा जातोच.

काल अस्वल आलं. मादी. पाठीवर पिल्लू.
पाणी प्यायला तिनं मान खाली घातली
आणि पिल्लू घसरत मानेपर्यंत आलं.
आता पडतं, वाटलं मला, माझा हात बक्कलावर गेला,
माझ्याच.
तिनं नुसता खांदा उचलला.
पिल्लू परत जागेवर.
पट्टा नाही, कडी नाही, गाठ नाही,
आणि एवढं करून आवाज फक्त पाणी चाटल्याचा.
पेन्सिल तयार होती, लिहायचं तेवढं राहिलं.
ती गेल्यावर बराच वेळ
रकान्याकडं बघत होतो: एक, की दोन?

सकाळी उतरलो. भाकर पोटात, बाटली रिकामी,
पिशवी नेली त्याहून हलकी.
बा ओट्यावर होता. त्याला आता दिसतं कमी.
एका हातानं पिशवी उचलून बघितली,
ठेवली.
"काय होतं?"
"दोन," म्हटलं.
मग त्यानं दोर मागितला.
नायलॉनचा, निळा, नीट गुंडाळलेला.
हातानं चाचपला, टोक सापडलं,
तरी सगळा सोडला
आणि कोपरापासून पुन्हा गुंडाळायला घेतला.